पडद्यावरचा दिवा का लागेना?

आज आधी एक कोडे घालतो. त्याचे उत्तर लेखाच्या मध्यावर येईल. तोवर स्वतः डोके चालवून पाहा.

इंदापूर तालुक्यातला एक विद्यार्थी रोज एसटीने बारामतीला आमच्या महाविद्यालयात येतो. त्याच्या घरी विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटर आहे. शेतीपंपाची वीज आमच्या भागात वर्षानुवर्षे पाळीने मिळत आली, कधी दिवसा तर कधी रात्री. मध्येच जायची ती वेगळीच. रात्री दोन वाजता वीज आली तर अंथरुणातून उठून विहिरीवर कोणी जायचे? म्हणून स्टार्टरच्या पेटीत शेतकरी एक जोडणी बसवून घेतात. तिला सगळे नुसते 'ऑटो' म्हणतात. वीज आली की हा ऑटो तिन्ही फेज आहेत का ते पाहतो, थोडा वेळ थांबतो आणि मग मोटर सुरू करतो. तीनपैकी एक फेज नसताना मोटर चालली तर उरलेल्या दोन फेजांतून जास्त प्रवाह वाहतो आणि गुंडाळी जळते, म्हणून ती तपासणी. आणि थांबायचे कशासाठी? मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. वीज येताच शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या तर विद्युतदाब कोसळेल.

या मुलाच्या मनात आले, असा ऑटो आपणच तयार करावा. त्यासाठी मायक्रोकंट्रोलर लागतो. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये बसवलेला छोटा संगणक. मराठीत त्याला सूक्ष्मनियंत्रक म्हणतात. दूध संकलन केंद्रावर फॅट दाखवणाऱ्या यंत्रात, कपडे धुण्याच्या यंत्रात, मोटरसायकलच्या काट्यांमागेही तो असतो. मुलाजवळ मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड नव्हते, म्हणून त्याने मोबाइलवर सिम्युलेटर उघडला. सिम्युलेटर म्हणजे बोर्डाचे सोंग घेणारे सॉफ्टवेअर. पडद्यावर बोर्डाचे चित्र येते, बोटाने तारा जोडायच्या, आज्ञावली लिहायची, की चित्रातला दिवा खऱ्यासारखा लागतो.

त्याने तीन फेजांच्या जागी तीन स्विच घेतले आणि मोटरच्या जागी एक एलईडी दिवा. आज्ञा सोपी होती: तिन्ही स्विच चालू असतील तर अमुक सेकंद थांब आणि दिवा लाव. थांबण्याची वेळ मिलिसेकंदांत द्यावी लागते, म्हणून त्याने ६ × १००० असे लिहिले. सहा सेकंदांनी दिवा लागला. १० × १००० केले, लागला. ३० × १००० केले, तरी लागला. मग खऱ्या ऑटोसारखे एक मिनिट हवे म्हणून त्याने ६० × १००० लिहिले. दिवा लागेना. एक मिनिट गेले, दोन गेली, दहा गेली. त्याने तारा काढून पुन्हा जोडल्या, स्विच बदलले, मोबाइल बंद करून चालू केला. दोन संध्याकाळी यात गेल्या. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "सर, मला हे इलेक्ट्रॉनिक्स जमणार नाही बहुतेक."

हे वाक्य ऐकले आणि हा लेख लिहायचे ठरवले. माझे मत असे आहे की त्या मुलात काही खोट नव्हती. चूक त्याने केली होती, ती साधी होती, आणि ती त्याला पहिल्या पाच मिनिटांत दिसायला हवी होती. ती दिसली नाही, कारण पडद्याची मांडणी करणाऱ्याने ती दिसावी अशी सोय केली नव्हती. सिम्युलेटरचा पडदा हे प्रयोगशाळेतले उपकरण आहे. व्होल्टमीटर घेताना आपण काटा स्पष्ट दिसतो का, शून्यावर येतो का, हे पाहतो. तीच कसोटी पडद्याला का लावत नाही?

आता थोडे मागे जाऊ. मी शिकत होतो तेव्हा, म्हणजे २००० सालच्या सुमारास, आमच्या प्रयोगशाळेत ८०८५ या मायक्रोप्रोसेसरची किटे होती. ही चिप इंटेल कंपनीने १९७६ साली आणली. महाराष्ट्रात बारावीच्या संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमातही ती अनेक वर्षे होती, त्यामुळे तुमच्या शिक्षकांपैकी काहींना हे वाचताना ओळखीचे हसू येईल. किटवर कळांचा एक छोटा फलक आणि सहा आकडे दाखवणारी लाल खिडकी, एवढाच काय तो पडदा. चार आकडे पत्त्याचे, दोन आकडे त्या पत्त्यावर ठेवलेल्या मजकुराचे. एका आज्ञेत २०५० हा पत्ता द्यायचा तर आधी ५० आणि मग २० असा उलटा भरावा लागे, कारण या चिपला आकड्याची खालची बाजू आधी हवी असते. कोणीतरी दर तासाला तो सुलटा भरायचा आणि उत्तर भलतीकडे जाऊन बसायचे. आज्ञावली सुरू केली की खिडकीत 'ई' हे अक्षर उमटे आणि बाकी सगळे अदृश्य. आत काय चालले आहे, कोणत्या रकान्यात कोणता आकडा आला, काही कळत नसे. वीज गेली की भरलेले सगळे पुसले जाई. बारामतीत त्या काळी वीज जाणे नवलाचे नव्हते.

माझे काही सहकारी या किटांची आठवण फार प्रेमाने काढतात. "आम्ही असे शिकलो म्हणून पक्के झालो," असे म्हणतात. मला ते अर्धेच पटते. किटमध्ये एक मोठा गुण होता, तो म्हणजे ते खोटे बोलत नसे. तार निसटली तर ते चालत नसे. पण त्याची खिडकी फार लहान होती, आणि त्या लहान खिडकीतून आत डोकावता न आल्याने जे कितीजण विषय सोडून गेले, ते आज आठवणी सांगायला येत नाहीत.

आत डोकावण्याची इच्छा संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिजला १९४९ साली चालू झालेल्या एडसॅक या संगणकाच्या स्मृतीतला मजकूर कॅथोड किरण नळीच्या पडद्यावर ठिपक्यांच्या रूपात पाहता येई. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकालाही आलेख आणि अक्षरे दाखवणारा असा पडदा जोडला होता. त्या संगणकाच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. तुमच्या खिशातल्या मोबाइलपुढे ती स्मृती काहीच नाही. पण संगणकासमोर बसलेल्या माणसाला आत काय चालले आहे ते दिसले पाहिजे, हे त्या लोकांना कळले होते.

सिम्युलेटरने ही सोय कितीतरी वाढवली. २००३ साली श्रीधर रत्नकुमार या भारतीय तरुणाने लिनक्स प्रणालीसाठी 'जीएनयूसिम ८०८५' हा मुक्त सिम्युलेटर लिहिला. त्याच्या पडद्यावर एका बाजूला ८०८५ चे सगळे रजिस्टर, म्हणजे आतले आकडे ठेवायचे खण, मांडलेले दिसतात. एकेक आज्ञा पुढे सरकवा, त्या त्या खणातला आकडा बदलताना दिसतो. मी पहिल्यांदा तो वर्गात लावला तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "अरे, बेरीज खरंच तिथं होतीय!" किटवर चार महिन्यांत जे समजले नव्हते ते एका तासात समजले. त्यात कोणतीही सजावट नव्हती. योग्य गोष्ट योग्य जागी दाखवली होती, एवढेच.

म्हणजे सिम्युलेटरचे पहिले काम खरी चिप जे दाखवू शकत नाही ते दाखवणे. आणि त्यात सर्वांत अवघड गोष्ट कोणती? वेळ.

आर्डुइनो उनो या बोर्डावरच्या चिपचे घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देते. तुम्ही 'अ' म्हणेपर्यंत तिने लाखो आज्ञा उरकलेल्या असतात. माणसाचा डोळा इतके काही पाहू शकत नाही, म्हणून पडद्यावर वेळ मंद करायची सोय हवी. हे बहुतेक मांडणीकारांना सुचते. उलट सोय मात्र अनेकांना सुचत नाही. आपला ऑटो एक मिनिट थांबणार. सुधारणा केल्यावर दर वेळी तपासायला एक मिनिट कोण थांबेल? मग मुले काय करतात, तर तपासण्यापुरते ६० चे ६ करतात आणि पुढे ते परत ६० करायला विसरतात. मीही विसरलो आहे. वेळ पळवायचे एक बटण पडद्यावर असते तर आज्ञावलीला हात लावावाच लागला नसता. घड्याळजी काटे पुढे फिरवून गजर तपासतो, तसेच हे. आणि त्याबरोबर पडद्यावर एक ओळ हवी: 'थांबलो आहे, अजून इतका वेळ बाकी.'

ही एक ओळ असती तर आमच्या विद्यार्थ्याच्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या. आता कोड्याचे उत्तर सांगतो.

उनोवर साधा पूर्णांक १६ बिटांच्या खणात ठेवला जातो. त्या खणात −३२७६८ पासून ३२७६७ पर्यंतचेच आकडे मावतात. ६ × १००० म्हणजे ६०००, मावतो. ३० × १००० म्हणजे ३००००, तोही मावतो. ६० × १००० म्हणजे ६००००, हा मावत नाही. मोटरसायकलचा किलोमीटरचा आकडा सगळे नऊ झाल्यावर फिरून शून्यावर येतो ना, तसाच हा आकडाही फिरतो आणि ६०००० − ६५५३६ म्हणजे −५५३६ होऊन बसतो. आता 'थांब' या आज्ञेला ऋण वेळ समजत नाही. तिचा खण ३२ बिटांचा आणि केवळ धन आकड्यांचा. ती −५५३६ ला ४२९४९६७२९६ − ५५३६, म्हणजे ४२९४९६१७६० मिलिसेकंद समजते. याचे दिवस करून पाहा. जवळजवळ ४९.७ दिवस येतात!

दिवा लागणारच होता, मित्रहो. फक्त सुमारे पन्नास दिवसांनी. हाच ऑटो खऱ्या विहिरीवर बसला असता तर तोवर ऊस वाळून गेला असता.

(३२ सेकंद दिले असते तर काय झाले असते, आणि ३३ दिले असते तर? वहीत करून पाहा. आणि उपाय काय, तर नुसते ६०००० लिहायचे. मोठा आकडा दिसला की आज्ञावलीचे भाषांतर करणारा कंपायलर स्वतःच मोठा खण घेतो. दोन लहान आकड्यांचा गुणाकार मात्र तो लहान खणातच करतो.)

इथे सिम्युलेटरची एक बाजू मला मांडलीच पाहिजे. तो प्रामाणिक होता. खऱ्या चिपवर जे घडले असते तेच त्याने घडवून दाखवले. हिशेब मोठ्या संगणकाच्या मोठ्या खणांत उरकणारा एखादा ढिला सिम्युलेटर असता तर साठ सेकंदांनी दिवा लागला असता, मुलगा खूश झाला असता आणि खरे बोर्ड फसले असते. तेव्हा आतले यंत्र चोख होते, पण दर्शनी बाजू मुकी होती. दुःखाची गोष्ट अशी की कंपायलरला ही चूक दिसते. 'पूर्णांक खणाबाहेर जात आहे' अशी सूचना तो देऊ शकतो. पण आर्डुइनोच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा सूचना मुळात बंद ठेवलेल्या असतात. त्या चालू करायची सोय पसंतीच्या यादीत आत कुठेतरी आहे. नवशिक्या घाबरू नये म्हणून हे केले असणार. परिणाम मात्र असा की ज्याला सूचनेची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही.

आता दुसरी बाजू, म्हणजे निसर्ग. पडद्यावरच्या तारेला रोध नसतो, पडद्यावरचा दिवा तापत नाही. खऱ्या एलईडीला मालिकेत रोधक लावावाच लागतो. ५ व्होल्टांतून दिव्याचे सुमारे २ व्होल्ट वजा केले तर ३ उरतात. २२० ओहमचा रोधक घातला तर ओहमच्या नियमाने प्रवाह सुमारे १४ मिलिअँपिअर येतो. हे दहावीचेच गणित आहे. रोधक नसेल तर प्रवाह फार वाढतो, आणि उनोवरच्या चिपच्या एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे. काही सिम्युलेटरांत रोधक लावा की नका लावू, दिवा सारख्याच आनंदाने लागतो. ऑटोडेस्क कंपनीच्या टिंकरकॅडमध्ये मात्र तसे करून पाहा. दिव्यावर धोक्याचे चिन्ह येते आणि प्रवाह किती, किती असावा, हे आकड्यांत सांगितले जाते. अशी सूचना मुलाला ओरडत नाही आणि त्याची चूक झाकतही नाही. मला ती फार आवडते.

स्विचचेही तसेच. खरा स्विच दाबला की आतल्या धातूच्या पट्ट्या टेकतात, उसळतात, पुन्हा टेकतात. काही मिलिसेकंद हा थरथराट चालतो. माणसाला तो एकच दाब वाटतो, पण ५ मिलिसेकंदांत आपल्या चिपचे ८० हजार ठोके होतात, आणि ती एकाच दाबाचे अनेक दाब मोजते. गुळगुळीत सिम्युलेटरवर मोजणी नेमकी येते आणि मेजावर आणली की बिघडते. वोक्वी या सिम्युलेटरने आपल्या बटणात हा थरथराट मुद्दाम घातला आहे, आणि नको असेल तर तो बंद करता येतो. हे मला आदर्श वाटते. आधी थरथराट बंद ठेवून मोजणी शिका, मग चालू करून खरे जग कसे वागते ते पाहा.

सगळेच काही कोणत्याही सिम्युलेटरला दाखवता येणार नाही. रिलेच्या गुंडाळीतला प्रवाह तोडताच उलटा विद्युतदाब उसळतो, त्याने जवळची चिप दचकून पहिल्यापासून सुरू होऊ शकते. पेटीत पाली शिरतात, ओलीने गंज चढतो. हे पडद्यावर कुठून येणार? पण तुम्ही व्हर्नियर कॅलिपर वापरताना आधी काय करता? शून्य त्रुटी पाहून वहीत लिहिता. त्रुटी असलेले उपकरणही चालते, ती माहीत असली की झाले. माझी मागणी एवढीच, की प्रत्येक सिम्युलेटरच्या पडद्यावर एका कोपऱ्यात सहज उघडणारी यादी असावी: 'या पडद्यावर पुढील गोष्टी धरलेल्या नाहीत.' ही त्या उपकरणाची शून्य त्रुटी. आज ती असलीच तर मदतीच्या पानांत कुठेतरी दडलेली असते. उलट बोर्डाचे चित्र मात्र इतके हुबेहूब काढतात की सोन्याच्या पिना चमकाव्यात. चित्र जितके खरे, तितका मुलाचा विश्वास आंधळा. मला विचाराल तर साधी रेखाकृती बरी.

तुम्ही म्हणाल, सर, बोर्ड काही शे रुपयांना मिळते, मग सिम्युलेटरचे एवढे कौतुक कशाला? बोर्ड घ्याच. पण एका शाळेत चार बोर्डे आणि साठ मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला बोर्ड किती मिनिटे येणार? घरी गेल्यावर मोबाइलच उरतो. शिवाय स्टार्टरच्या पेटीत ४१५ व्होल्ट असतात. तिथे शिकाऊ माणसाने हात घालायचा नाही, कधीही नाही. तिथे चुकायची परवानगी पडद्यावरच आहे. म्हणून तर त्या पडद्याची एवढी काळजी.

गेल्या सत्रात आम्ही एक गंमत केली. शिक्षकांनी ती जरूर करून पाहावी, खर्च शून्य. ऑटोच्या सिम्युलेटरचा पडदा आम्ही पुठ्ठ्यावर काढला. स्विच, दिवे, बटणे कागदाची कापून ठेवली. एक मुलगा चिप झाला. समोरचा कागदी बटणावर बोट ठेवी आणि 'चिप' आज्ञावली वाचून कागदी दिवे बदली. तिसरी मुलगी फक्त एकच करी: समोरच्याचे बोट आधी कुठे जाते आणि तो कुठे अडखळतो ते लिहून ठेवी. त्याला मदत करायची नाही, हा नियम कडक. मांडणी ज्यांनी केली होती त्यांना गप्प बसणे फार जड गेले.

त्या तासाभरात मला पुस्तकांत न सापडलेले बरेच सापडले. तीन फेजांसाठी आम्ही लाल, पिवळे, निळे दिवे काढले होते, तारांच्या रंगांप्रमाणे. पण आमच्याकडे चूक झाल्याची खूणही लालच होती. लाल फेज आली की मुले दचकत, काहीतरी बिघडले म्हणून. मग फेजांवर आर, वाय, बी ही अक्षरेही घातली. वर्गातल्या एका मुलाला लाल-हिरवा भेद नीट दिसत नाही, त्याची सोयही त्यातच झाली. दुसरे असे, की एक फेज जाऊन दुसरी त्याच क्षणी यावी असे तपासायचे तर दोन स्विच एकदम हलवावे लागतात. कागदावर दोन हात असतात, पण माउसला टोक एकच. वोक्वीत कंट्रोलची कळ धरून बटणावर टिचकी दिली की ते दाबलेलेच राहते, छान युक्ती आहे. पण मोबाइलवर कंट्रोलची कळ कुठे आहे? आणि आमच्या मुलांचा संगणक म्हणजे मोबाइलच. मोठ्या पडद्यासमोर बसून मांडणी करणाऱ्याला हे सहजासहजी दिसत नाही. एकदा बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या एसटीत, भवानीनगरच्या पुढे, एका हाताने वरचा दांडा धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्याने आपलाच सिम्युलेटर चालवून पाहावा.

राहिली भाषा. आज्ञावलीत एका ओळीच्या शेवटचे अर्धविरामाचे चिन्ह राहिले की सूचना इंग्रजीत येते आणि बहुधा पुढच्या ओळीकडे बोट दाखवते. कंपायलरच्या दृष्टीने ते खरे आहे. तो पुढच्या शब्दापर्यंत पोहोचतो तेव्हाच त्याला कळते की मागे काही राहून गेले. मुलगा मात्र त्या निर्दोष पुढच्या ओळीची चिरफाड करत बसतो. 'सातव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला आहे का पाहा' असे मराठीत लिहून यायला काय अडचण आहे? मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने सॉफ्टवेअर शिकवणारे पाठ मराठीतही तयार केले आहेत, आणि तिथल्याच फॉसी प्रकल्पाने 'ई-सिम' हे विद्युतमंडलांचे मुक्त सॉफ्टवेअर दिले आहे. म्हणजे माणसे आहेत, कौशल्य आहे. फक्त एक इशारा देतो. उत्साहाच्या भरात सगळ्याचे भाषांतर करू नका. बोर्डावर पिनेचे जे नाव छापले आहे तेच पडद्यावर असावे, नाहीतर मुलगा मेजावर आल्यावर हरवेल. मराठी हवी ती समजावण्यात आणि चूक दाखवण्यात.

"मुलांना थोडे झगडू द्या, सगळे सोपे करून ठेवू नका," असे एक ज्येष्ठ प्राध्यापक मला म्हणाले. झगडू द्यायचेच आहे. १६ बिटांच्या खणाशी झगडू द्या, थरथरणाऱ्या पट्ट्यांशी झगडू द्या. त्या झगड्यातून विज्ञान हाती लागते. मुक्या पडद्याशी झगडून हाती काय लागते? फार तर 'मला जमणार नाही' एवढेच.

तो मुलगा ४९.७ दिवसांचा हिशेब पाहून आधी हसला, मग थोडा चिडला. आठवड्याने त्याने वहीत स्वतःच्या सिम्युलेटरचा पडदा काढून आणला. वर तीन फेजांचे दिवे, अक्षरांसकट. मध्ये 'इतका वेळ बाकी' अशी पट्टी, शेजारी वेळ पळवायचे बटण. कोपऱ्यात काय धरलेले नाही त्याची यादी; तिच्यात त्याने पालीही लिहिल्या होत्या. पण सगळ्यात मोठे बटण 'सुरू' चे नव्हते. ते होते 'वीज गेली' चे. मी विचारले, हेच एवढे मोठे का? तर म्हणाला, "सर, आमच्याकडं सगळ्यात जास्त वेळा तेच होतं की."